लाकडी जमिनीवरचा कूलर

नवऱ्याच्या मागोमाग मी नेदरलँड्सला गेले तेव्हा माझ्या हातात मोजून एक वर्ष होतं. कळमेश्वरच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवते तिथे पक्की व्हायला मला सहा वर्षं लागली होती, आणि त्या शाळेनं मला एका वर्षाची बिनपगारी रजा दिली होती. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून, जून संपता संपता उघडतात. त्या दिवशी मी हजर झाले तर नोकरी माझी, नाही झाले तर राजीनामा. आमच्या मुख्याध्यापिकांना आम्ही सगळे मोठ्या मॅडम म्हणतो. त्यांनी निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "वर्षभर मी निभावून नेते. त्याच्यावर एक दिवस नाही हं."

म्हणजे बघा, लोक नव्या घरात जातात ते राहायला. मी गेले ते ठरवायला. थांबायचं की परतायचं. आणि ज्या बाईला काही ठरवायचं असतं तिला घरात धड बसवत नाही, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

घर वाईट नव्हतं, खोटं कशाला बोलू. समुद्राजवळच्या एका शहरात, कालव्याच्या काठी, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. जिना इतका उभा की पहिल्या दिवशी बॅगा वर चढवताना नवरा म्हणाला, "हा जिना नाही वं, विहिरीत उतरायची शिडी आहे." पश्चिमेला तोंड करून भिंतीएवढ्या काचा. आणि जमीन लाकडाची. नागपूरला सक्करदऱ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये फरशी आहे; आपटा, धुवा, बादलीभर पाणी ओता, तिला काही म्हणता काही होत नाही. इथे पाऊल टाकलं की पाट्या करकरायच्या. मी दिवसभर या खोलीतून त्या खोलीत चालायची, म्हणून दिवसभर करकर.

खाली पन्नाशीचा एक माणूस एकटा राहायचा. तो शहरातली बस चालवायचा. दोनेक महिन्यांनी जिन्यात भेटला तेव्हा हसून इंग्रजीत म्हणाला, "तुम्ही वर खूप चालता." तक्रार नव्हती त्याची, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी जाड मोजे घालून चालायला लागले. चालणं काही थांबलं नाही.

नवरा मात्र रुळला. असा रुळला की माझा नुसता जळफळाट व्हायचा. नागपूरला तो मिहानमध्ये विमानांच्या दुरुस्तीत होता, तिकडेही तेच काम. विमान काय, कुठल्याही देशात उघडलं तरी आतून सारखंच. महिन्याभरात त्याला तूरडाळीचं दुकान सापडलं, जुनी सायकल सापडली, ती दुरुस्त करून देणारा दोस्त सापडला. समोरून वारा, वरून पाऊस, आणि हा बाबा शिट्टी वाजवत ड्यूटीला निघालेला. मी विचारायची, "तुले घरची काहीच आठवण येत नाही काय?"

"येते ना," तो म्हणायचा. "पण येऊन करू काय? ड्यूटीवर जाऊ का नको?"

मी काय करत होते? पलंग हलवत होते. अकरा महिन्यांत मी तो पलंग पाच वेळा हलवला. खिडकीखाली ठेवला तर उजेड डोळ्यावर, भिंतीला लावला तर अंगावर भिंत आल्यासारखं वाटायचं. दोन मोठ्या बॅगा तर मी उघडल्याच नव्हत्या. त्यांत माझ्या शाळेत नेसायच्या साड्या होत्या. त्या कशाला नेल्या म्हणून विचारू नका, माझं मलाच सांगता येत नाही. आई रोज फोनवर विचारायची, "सामान लागलं काय वं सगळं?" मी म्हणायची, लागून राहिलं. सातव्या महिन्यात आईचा धीर सुटला. "एवढं कोणतं सामान आहे वं बाई तुह्यापाशी?"

दुपार झाली की घर खायला उठायचं. मग मी निघायची. कालव्याच्या कडेनं, पूल ओलांडून, पुन्हा दुसऱ्या पुलावरून अलीकडे. सक्करदऱ्याहून कळमेश्वर म्हणजे अख्खं नागपूर आडवं कापून त्याच्याही पुढे. रोजचे दीड तास जायला, दीड यायला. त्या अप-डाउनच्या नावानं मी वर्षानुवर्षं बोटं मोडली होती. आणि आता बघावं तर सकाळी नऊ वाजले की मन बस पकडायला तयार, आणि पकडायला बस नाही. कुठेही पोचायचं नसताना मी त्या परक्या गावात भराभर चालायची. लोक बाजूला व्हायचे. त्यांना वाटत असेल, या बाईची गाडी सुटतेय.

आणि घरी आल्यावर नवऱ्याचं एकच पालुपद. "तुह्यं तू ठरव."

सुरुवातीला बरं वाटायचं. माझ्या मैत्रिणींचे नवरे असं म्हणत नाहीत. ते ठरवून मोकळे होतात. पण महिने जाऊ लागले तसा मला त्या तीन शब्दांचा संताप यायला लागला. मी नोकरी सोडू का? तुह्यं तू ठरव. मी जाऊ का परत? तुह्यं तू ठरव. एकदा तर मी भाजी चिरता चिरता सुरी आपटली आणि म्हणाले, "मी गच्चीवरून उडी मारू का? सांग, तेही माह्यं मीच ठरवू?" तो म्हणाला, "आपल्याले गच्ची कुठं आहे?" असा माणूस. हसावं की रडावं?

असं करता करता जून आला आणि तिकडे उन्हाची लाट आली. पारा पस्तीसला जाणार म्हणून सगळं शहर धास्तावलं. खालच्या शेजाऱ्यानं जिन्यात आम्हाला थांबवून बजावलं: दिवसा खिडक्या बंद ठेवा, पडदे ओढा, पाणी प्या. आम्ही दोघं वर येऊन पोट धरून हसलो. पस्तीस! आपल्याकडे पस्तीस म्हणजे होळीच्या आधीची गुलाबी हवा. सेहेचाळीसमध्ये मी परीक्षेचे पेपर तपासलेत.

दुसऱ्या दिवशी हसू मावळलं. नागपूरचं ऊन बाहेर असतं. तुम्ही घरात आलात, दार लावलं, की ते बाहेर राहतं. तिथलं ऊन घरात येऊन बसलं. थंडीसाठी बांधलेलं घर, भिंतीत कापूस भरल्यासारखं काहीतरी भरलेलं, वर छप्पर आणि पश्चिमेच्या त्या काचा. रात्री दहापर्यंत सूर्य मावळायचं नाव नाही. पंखा नाही, एसी नाही. तिसऱ्या दिवशी नवरा ड्यूटीवरून आला, घामानं निथळत खुर्चीत बसला आणि त्याच्या डोळ्यांत मला एकदम ओळखीची चमक दिसली.

"कूलर बनवू," तो म्हणाला.

ज्यांचा जन्म नागपुरात गेला नाही त्यांना हे कळायचं नाही. आपल्याकडे होळी झाली की माळ्यावरून कूलर उतरतात आणि घरातला प्रत्येक पुरुष मेकॅनिक होतो. वकील असो, प्राध्यापक असो, बनियन घालून टाकीतला गाळ खरवडत बसतो. जाळ्यांतलं जुनं गवत काढायचं, नवं भरायचं, पंपाला चार शिव्या घालायच्या. नवऱ्याचे हात विमानांची इंजिनं खोलणारे, पण ते खरे खुलायचे कूलरवरच.

शनिवार आख्खा त्यात गेला, आणि सांगते, त्या वर्षातला तो माझा सगळ्यात सुखाचा दिवस होता. फर्निचर आलेल्या लाकडी खोक्याचा सांगाडा केला. गवत मिळेना, तर बागेच्या दुकानात कुंड्यांना लावायचे काथ्याचे जाड पट्टे मिळाले. मोठा पंखा त्याच्या सायकलवाल्या दोस्तानं दिला. खाली प्लास्टिकचा टब. छोटा पंप हवा म्हणून आम्ही शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, किती मासे आहेत? नवऱ्यानं गंभीर चेहऱ्यानं उत्तर दिलं, "दोन. मोठे आहेत." बाहेर येऊन आम्ही रस्त्यावर उभं राहून हसलो. कित्येक महिन्यांनी मी कुठे जायचं ते विसरून एका जागी उभी होते.

संध्याकाळी कूलर सुरू झाला. ओल्या काथ्याचा वास सुटला आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आईला व्हिडिओवर दाखवला. ती म्हणाली, "जावईबापूंनी नाव काढलं बाई सक्करदऱ्याचं." नवरा कॉलर ताठ करून उभा.

पण मती कशी फिरते बघा. आपल्याकडे कूलर खिडकीत बसवतात. बाहेरची कोरडी हवा तो ओढतो, आणि समोरचं दार उघडं ठेवायचं म्हणजे ओली हवा निघून जाते. हे नागपूरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिकडच्या खिडक्या मात्र वरून चार बोटं आत कलायच्या, बस. म्हणून कूलर आम्ही खोलीच्या मधोमध ठेवला होता. आणि शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून दारं-खिडक्या सगळी घट्ट लावलेली. वर समुद्राजवळची दमट हवा. अर्ध्या-पाऊण तासात खोलीची इडली पात्रासारखी गत झाली. काचांवरून ओघळ यायला लागले, आईनं पाठवलेले पापड डब्यातल्या डब्यात मऊ पडले, अंगावरचा कपडा अंगाला चिकटला.

"बंद कर," मी म्हणाले.

"थोडं सेटिंग करावं लागन," तो म्हणाला. पंप इकडचा तिकडे केला. पंख्याचं तोंड फिरवलं. चार दिवस तो सेटिंग करत राहिला. चूक काय झाली ते आम्हा दोघांनाही कळत होतं, पण त्यानंतर कूलर बंद कर असं दोघांच्याही तोंडून निघेना. तो बंद केला असता तर मग त्या खोलीत दुसरं काय बोलायचं होतं? शाळा उघडायला तेव्हा नऊ दिवस उरले होते. परतीचं तिकीट माझं आधीच काढलेलं होतं, ते वापरायचं की रद्द करायचं, एवढंच उरलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी ड्यूटीला निघताना तो म्हणाला, "टब अर्धा झाला की नळी लावून भर. अन् भरेपर्यंत तिथंच उभी राहा." मी हो म्हणाले. दुपारी नळी लावली. तेवढ्यात मोठ्या मॅडमचा निरोप आला. "वर्गवाटप करते आहे. तुझं नाव सातवीला टाकू की नको? आज सांग."

आज सांग. मी तो निरोप चार वेळा वाचला. आणि मी काय केलं? चपला घातल्या आणि जिना उतरले. नळी टबमध्ये तशीच वाहती.

याला वेंधळेपणा म्हणाल तर म्हणा, पण ती माझी सवयही होती. आपल्याकडे कूलरमध्ये नळी सोडतात आणि बाया आपल्या कामाला लागतात. पाणी फरशीवर पडल्याचा आवाज आला की समजायचं, भरला. मग नळ बंद करायचा, वायपरनं पाणी मोरीकडे ओढायचं, तेवढाच घराला गारवा. माझ्या डोक्यात कुठेतरी खाली फरशीच होती. वर्षभर मी त्या लाकडावरून चालले आणि मला ती जमीन कधी माझी वाटलीच नाही, तर तिची काळजी कुठून येणार?

तासाभरानं परत आले तर शेजारी जिन्याच्या तोंडाशी उभा. त्याच्या हातात बादली होती. तो ओरडला नाही. नुसता म्हणाला, "वर काही फुटलं आहे का?"

मी धावत वर गेले. नळ बंद केला. सगळे टॉवेल, चादरी, असतील नसतील ते कपडे जमिनीवर टाकले. शेवटी कपडे पुरेनात तेव्हा त्या दोन बॅगा उघडल्या आणि माझ्या सुती साड्या काढून त्यांनी पाणी टिपलं. मोठ्या मॅडमना काहीच कळवलं नाही.

नवरा संध्याकाळी आला. त्यानं खोली पाहिली, मला पाहिलं आणि बाह्या वर केल्या. मी भजी तळली. माफी मागायला रिकाम्या हातानं जायची आपल्याकडे रीत नाही. ताट झाकून आम्ही दोघं खाली गेलो.

शेजाऱ्यानं आम्हाला बसवलं, भजी खाल्ली, छान आहे म्हणाला. त्याच्या डोक्यावर छताला परातीएवढा तपकिरी डाग पडला होता, मधोमध फुगलेला. माझी मान वर होईना. तो शांतपणे म्हणाला, लाकूड पूर्ण वाळायला दोन महिने लागतील. ऑगस्टमध्ये माणूस येईल, वरून तुमच्या दोन पाट्या उचलाव्या लागतील, तेव्हा वर कुणीतरी घरी हवं. मग त्यानं साधा प्रश्न विचारला. "ऑगस्टमध्ये तुम्ही दोघं इथे आहात ना?"

मी तोंड उघडणार, इतक्यात नवरा म्हणाला, "मी आहे. बायको पुढच्या आठवड्यात जाते आहे. तिची शाळा उघडते."

असं म्हणाला तो. इंग्रजीत, सहज, उद्या पाऊस आहे म्हणावं तसं. शेजारी माझ्याकडे वळून म्हणाला, अरे, मग तुमची आठवण येईल. मी हसले. कशी हसले ते मला माहीत. जिना चढताना माझी कानशिलं तडतडत होती.

दार लागलं तशी मी म्हणाले, "केव्हा ठरलं हे?"

"काय?"

"मी जाऊन राहिली, हे. मले माहीत नाही अन् खालच्या माणसाले माहीत."

तो खाली बसून साडी पिळत होता. वर न बघता म्हणाला, "तू जाशील हे तुह्या पायाले केव्हाचं माहीत आहे. मलेही माहीत आहे. तुलेच तेवढं माहीत नव्हतं."

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. येत्या सप्टेंबरपासून राहायला त्यानं विमानतळाजवळ एक खोली बघून ठेवली होती, एकट्यापुरती. माझ्या माघारी पोळ्या करायचा सराव चालू होता. ज्या दिवशी मी लांब चालायला जायची त्या दिवशी तो करायचा आणि जमल्या नाहीत की टाकून द्यायचा. मी ऐकत उभी.

"अकरा महिने वाट पाहून राहिली मी," मी ओरडले. खाली ऐकू गेलं असेल तर जावो. "एकदा, एकदा तरी म्हणाला असतास, थांब म्हणून. काहून नाही म्हणाला?"

मग त्यानं आपल्या आईचं सांगितलं. माझ्या सासूबाई सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या हे मला माहीत होतं. सासऱ्यांची बदली झाली आणि ते म्हणाले, चल, म्हणून त्यांनी नोकरी सोडली, हेही माहीत होतं. "आई रोज जेवायले वाढताना म्हणे," नवरा म्हणाला. "भाजीत मीठ कमी झालं तरी म्हणे. तुमच्यापायी सोडली. बाबा गेले, तेरवीच्या दिवशी पाहुण्याइले पण तेच सांगून राहिली होती. बाबा फोटोत, अन् ती सांगून राहिली. मी थांब म्हणलं असतं, तं तू थांबली असतीस. मंग आपल्याही घरात तेच. ते ऐकायची हिंमत नाही माह्यात."

"अन् आता मी काय सांगन लोकाइले? माह्या नवऱ्यानं मले एका शब्दानं अडवलं नाही, हेच ना?"

त्यानं साडी खाली ठेवली. उभा राहिला. त्याचा आवाज फाटला.

"थांब," तो म्हणाला. "नको जाऊ. मले करमणार नाही."

झालं. ज्या शब्दासाठी मी वर्षभर दात-ओठ खाल्ले तो शब्द आला. मला वाटलं होतं, तो आला की मी विरघळेन. उलटंच झालं. छातीवरचं ओझं उतरलं आणि मला लख्ख कळलं, मला जायचं आहे. माझी शाळा, सातवीचा वर्ग, खडूनं पांढरी झालेली बोटं, ते सगळं मला हवं आहे. मला थांबायचं कधी नव्हतंच. मला नुसतं कोणीतरी अडवायला हवं होतं. किती लाजिरवाणी गोष्ट, पण खरी.

"मी जाईन," मी म्हणाले.

"माहीत आहे," तो म्हणाला. मग नाक पुसून, "पण एक विचारू? तू मले कधी म्हणलीस, चल परत म्हणून?"

नव्हतं म्हटलं. एकदाही नाही. तो तिकडे खूश आहे, त्याचं काम चांगलं आहे, मी कशाला मध्ये येऊ, असं मी माझ्याशीच ठरवून बसले होते. त्याला दोष देण्यात मी इतकी गुंतले होते की माझं स्वतःचं मौन मला दिसलंच नव्हतं. त्या संध्याकाळीही मी म्हणाले नाही. रागावलेली होते, थकलेली होते, आणि खरं सांगू, भीती वाटली. मोठ्या मॅडमना तेवढं कळवलं, सातवीला नाव टाका.

कूलर आम्ही दुसऱ्या दिवशी खोलून टाकला. पुढच्या आठवड्यात मी नागपूरला आले.

शाळा उघडली त्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी हजर. ऑफिसात बाबूंनी हजर झाल्याचा अर्ज पुढे सरकवला. मी भराभर भरला, सही केली आणि दिला. बाबूंनी तो चष्म्याजवळ नेऊन वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाले, "मॅडम, या पत्त्यावरून अप-डाउन कराल काय?"

सध्याचा पत्ता, या रकान्यात मी तिकडचा पत्ता लिहिला होता. कालव्याकाठच्या रस्त्याचं ते लांबलचक नाव, घर नंबर, पिनकोडचे चार आकडे, दोन अक्षरं, सगळं बिनचूक. तिथे असताना तो पत्ता मला कोणी विचारला तर मी मोबाईलमध्ये बघून सांगायची. ऑफिसातले सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता मला तिथे उभं राहवेना. मी व्हरांड्याच्या टोकाला, नळांच्या पलीकडे गेले आणि त्याला फोन लावला. आपल्याकडे अकरा वाजले होते, तिकडे साडेसात. तो ड्यूटीला निघाला होता. फोनमधून वारा ऐकू येत होता.

"काय झालं?" तो म्हणाला.

"चल परत," मी म्हणाले. "तू म्हणाला होतास ना, मी कधी म्हणलं नाही. आता म्हणून राहिली. चल. मले करमत नाही तुह्याशिवाय."

वारा थांबला. त्यानं सायकल थांबवली असणार. मी पाय घट्ट रोवून उभी होते. तो तुह्यं तू ठरव म्हणाला नाही, चेष्टा केली नाही.

"नाही येत मी," तो म्हणाला. "मले इथं आवडते. वर्षभर तुले सांगायची हिंमत झाली नाही. लय आवडते मले इथं."

वर्षभर ज्या माणसावर मी रागावले त्यानं माझ्यासाठी आपली खुशी लपवून ठेवली होती, आणि मी समजत होते की मीच तेवढी काही सोसते आहे.

"राग आला?" त्यानं विचारलं.

"आला," मी म्हणाले. "लय आला. अन् रडूही येऊन राहिलं. पण फोन ठेवू नको."

त्यानं ठेवला नाही. तासाची घंटा झाली, मुलं वर्गात गेली, तिकडे त्याची पाळी सुरू व्हायची वेळ होऊन गेली, आणि आम्ही दोघं कुठे राहायचं सोडून बाकी सगळं, जे त्या घरात वर्षभर बोललो नव्हतो ते, बोलत उभे राहिलो.